युरोपातल्या एका देशात कंपनी काढली म्हणजे २७ देश खरोखर मोकळे होतात का?

रबाळेकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचा पाऊच पॅकिंगची यंत्रे तयार करण्याचा लहान कारखाना आहे. मसाला, चहा, धुण्याची पावडर अशा भुकटीच्या आणि दाणेदार मालासाठी आम्ही यंत्रे बनवतो आणि तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधले कित्येक व्यापारी आमचे जुने ग्राहक आहेत. गेल्या तीन वर्षांत नेदरलँड्समधल्या एका वितरकामार्फत आमची काही यंत्रे युरोपात गेली आणि आता जर्मनी व बेल्जियममधूनही चौकशी होऊ लागली आहे. अडचण अशी की यंत्र पोहोचवून आमचे काम संपत नाही. ते जागेवर बसवून, चालवून, ग्राहकाच्या मालावर वजन जुळवून द्यावे लागते आणि त्यासाठी आमच्याच फिटरना जावे लागते. दर वेळी व्हिसात महिना-दीड महिना जातो आणि तोवर ग्राहकाचा धीर सुटतो.

एका सल्लागाराने यावर उपाय सुचवला आहे. त्यांचे म्हणणे असे की आयर्लंडमध्ये कंपनी नोंदवावी; युरोपीय संघाचा कायदा सदस्य देशांच्या कायद्याच्या वरचा असल्यामुळे एकदा ती कंपनी उभी राहिली की २७ देशांत कोठेही शाखा उघडता येते, माल विकता येतो, माणसे पाठवता येतात, आणि कोणत्याही देशाचे खाते वेगळा परवाना मागू शकत नाही. हे ऐकायला फारच सोपे वाटले, म्हणूनच मी थबकलो. शिवाय त्यांची फी ऐकल्यावर आणखी थबकलो.

माझे विचारणे एवढेच आहे की एका सार्वभौम देशाच्या कार्यालयाला हा वरचा कायदा नेमका कशाच्या बळावर बांधतो, कंपनीचा मालक भारतीय असला तरी त्याचा लाभ मिळतो का, आणि या स्वातंत्र्याची हद्द कोठे संपते. येथे वकील आणि निर्यातदार दोन्ही मंडळी आहेत, म्हणून विस्ताराने लिहिले.

कोर्टनाका_ठाणे

रबाळेकर साहेब, आपल्या सल्लागारांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे आणि उरलेले निम्मे महागात पडण्यासारखे आहे. आधी बरोबर असलेल्या भागाविषयी लिहितो, कारण तो समजल्याशिवाय चूक कोठे आहे हे कळणार नाही.

हा कायदा देशांना बांधतो कसा, याचे उत्तर एका रसायनाच्या खेपेत आहे. युरिया-फॉर्मल्डिहाइड हे नाव ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या माणसाला नवे नाही. व्हान गेंड एन लोस या डच वाहतूक कंपनीने ते पश्चिम जर्मनीतून आणले, तेव्हा डच जकात खात्याने त्याचे वर्गीकरण बदलून ३ टक्क्यांऐवजी ८ टक्के शुल्क लावले. १९५७ च्या रोम कराराने सहा सदस्य देशांना आपापसातले शुल्क वाढवण्यास मनाई केली होती. सरकारांचा बचाव असा होता की करार देशादेशांमधला आहे, एखादा आयातदार त्याच्या आधारे आपल्याच सरकारला न्यायालयात खेचू शकत नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ५ फेब्रुवारी १९६३ रोजी उलट सांगितले. ही एक नवीन कायदेव्यवस्था आहे, तिच्यातून नागरिकांनाही हक्क मिळतात आणि ते हक्क राष्ट्रीय न्यायालयांनी राखले पाहिजेत, असा तो निर्णय आहे. पुढच्याच वर्षी मिलानमधल्या कोस्टा नावाच्या गृहस्थाने विजेचे क्षुल्लक बिल भरण्यास नकार दिला, कारण वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरणच कराराविरुद्ध आहे असे त्याचे म्हणणे होते. तो मुद्दा त्याला फारसा फळला नाही, परंतु त्या प्रकरणातून एक तत्त्व पक्के झाले की, संघाचा कायदा आणि नंतर केलेला राष्ट्रीय कायदा यांत विरोध आला तर संघाचा कायदा चालतो.

हे सगळे अमलात येते ते पोलिसांच्या बळावर येत नाही, कारण संघाकडे तसे पोलीस नाहीत. कोणत्याही देशातले अगदी खालचे न्यायालयसुद्धा खटला थांबवून लक्झेंबर्गला थेट प्रश्न पाठवू शकते आणि आलेल्या उत्तरानुसार स्वतःच निकाल देते. आपल्या ठाण्याच्या दिवाणी न्यायाधीशाने उच्च न्यायालयाला न विचारता एखादा प्रश्न देशाबाहेरच्या न्यायालयाकडे पाठवावा आणि सरकारने त्याचे उत्तर मुकाट्याने पाळावे, अशी कल्पना करून पाहा, म्हणजे ही व्यवस्था किती वेगळी आहे ते जाणवेल.

आता स्वातंत्र्याचे स्वरूप. १९७९ सालचा कासिस द दिजों हा निर्णय सगळीकडे उद्धृत होतो. फ्रान्समधले हे ब्लॅककरंट या फळाचे मद्य १५ ते २० टक्के अल्कोहोलचे, आणि जर्मन कायदा म्हणे अशा मद्यात किमान २५ टक्के हवेच. जर्मन सरकारचा युक्तिवाद असा की सौम्य मद्यामुळे लोकांना अधिक सहज सवय लागते, तेव्हा हा नियम आरोग्यासाठीच आहे! न्यायालयाने तो मानला नाही आणि सांगितले की एका सदस्य देशात कायदेशीरपणे तयार होऊन विकला जाणारा माल दुसऱ्या देशाने सबळ कारणाशिवाय अडवू नये. ग्राहकाला माहिती हवी असेल तर बाटलीवर टक्केवारी छापा. येथे जो बदल झाला त्याकडे आपण लक्ष द्यावे, असे मला वाटते. व्यापाऱ्याला कोणी परवाना दिला नाही. नियमाचे कारण सिद्ध करण्याचा भार मात्र सरकारच्या डोक्यावर गेला. आरोग्य, ग्राहकहित, पर्यावरण ही कारणे चालतात, परंतु नियम त्या हेतूला उपयुक्त असावा लागतो आणि गरजेपेक्षा अधिक जाचक असून चालत नाही. १९९५ च्या गेबहार्ड प्रकरणात हीच कसोटी व्यवसायाच्या इतर स्वातंत्र्यांनाही लावली गेली. तरीही हा मार्ग अमर्याद नाही. १९९३ साली केक प्रकरणात न्यायालयाने स्वतःच लगाम ओढला आणि म्हटले की दुकान कधी उघडावे, तोट्यात माल विकावा की नाही, अशा विक्रीच्या रीतीवरचे नियम सर्वांना सारखे लागू असतील तर त्यांना या कारणावरून आव्हान देता येणार नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा निर्णय १९९९ चा सेंट्रोस. डेन्मार्कमधल्या एका दांपत्याने १०० पौंड भांडवलाची कंपनी ब्रिटनमध्ये नोंदवली आणि तिची शाखा डेन्मार्कमध्ये उघडायला निघाले. ब्रिटनमध्ये तिचा एका पैशाचाही धंदा नव्हता. डेन्मार्कमध्ये कंपनीला किमान २,००,००० क्रोनर भांडवल लागत असे, तेव्हा हा उघड वळसा आहे म्हणून नोंदणी अधिकाऱ्याने शाखा नाकारली. न्यायालय म्हणाले की सोयीचा कायदा असलेल्या देशात कंपनी काढणे म्हणजेच प्रस्थापनेच्या स्वातंत्र्याचा, अर्थात दुसऱ्या सदस्य देशात व्यवसाय वा शाखा उभारण्याच्या मोकळिकीचा, वापर होय. फसवणूक झाली असेल तर त्या फसवणुकीवर कारवाई करा, सरसकट शाखा नाकारू नका. परिणाम असा झाला की जर्मनीतही ब्रिटिश लिमिटेड कंपन्या दिसू लागल्या आणि २००८ मध्ये जर्मनीने स्वतःच एक युरो भांडवलाचा कंपनीप्रकार आणला. नेदरलँड्सने २०१२ पासून किमान भांडवलाची अट जवळपास काढूनच टाकली. लक्झेंबर्गच्या निकालाने डेन्मार्कचा नियम हलवला आणि शेजाऱ्यांनी आपापले कायदे बदलले.

मालक भारतीय असल्यास काय, याचेही उत्तर रोम कराराच्या आजच्या रूपातल्या अनुच्छेद ५४ मध्ये आहे. सदस्य देशाच्या कायद्यानुसार स्थापन झालेली आणि नोंदणीकृत कार्यालय, मध्यवर्ती प्रशासन किंवा मुख्य व्यवसायस्थान संघात असलेली कंपनी ही सदस्य देशाच्या नागरिकासारखी मानली जाते. भागधारक कोण, हा प्रश्न तेथे येत नाही. हंगेरीतले, लक्झेंबर्गला २०२३ मध्ये निकाली निघालेले झेल्ला प्रकरण याचेच आहे. झेल्ला ही हंगेरीतलीच कंपनी खडी, वाळू आणि माती काढणारी एक कंपनी विकत घेऊ पाहत होती. झेल्लाची मालक जर्मन कंपनी, तिच्या वर लक्झेंबर्गची आणि त्याही वर बर्म्युडातली कंपनी होती. परकीय हात आहे म्हणून मंत्र्यांनी व्यवहार अडवला. न्यायालयाने तो अडथळा प्रस्थापनेच्या स्वातंत्र्याविरुद्ध ठरवला, कारण स्थानिक बांधकामाला खडी-वाळू मिळत राहावी ही चिंता समाजाच्या मूलभूत हिताला धोका म्हणण्याइतकी गंभीर नाही. संरक्षण किंवा ऊर्जा असती तर उत्तर कदाचित वेगळे आले असते.

थोडक्यात, कंपनीला स्वातंत्र्य मिळते. फिटरांना मिळते असे मात्र मी अजून म्हटलेले नाही.

महापे_निर्यात

वकीलसाहेबांनी मद्याचे उदाहरण सुंदर समजावले, परंतु रबाळेकरांच्या यंत्राला ते थेट लागू पडत नाही, हे सांगणे आवश्यक वाटते. परस्पर मान्यतेचे तत्त्व, म्हणजे एका देशात कायदेशीर असलेला माल दुसऱ्यानेही चालू द्यावा हे, ज्या मालाविषयी संघाने समान नियम केलेले नाहीत त्या मालासाठी आहे. यंत्रांसाठी समान नियम आहेत. सध्या यंत्रविषयक निदेश २००६/४२ लागू आहे आणि २० जानेवारी २०२७ पासून त्याच्या जागी विनियम २०२३/१२३० येत आहे, तेव्हा आपल्या तांत्रिक फाइलचे काम आताच नव्या विनियमानुसार सुरू करावे.

निदेश आणि विनियम यांतला फरक लहान उद्योजकाने लक्षात ठेवावा. निदेश प्रत्येक देश आपल्या कायद्यात उतरवतो, त्यामुळे २७ ठिकाणी थोडे थोडे वेगळे शब्द येतात. विनियम सर्वत्र जसाच्या तसा लागू होतो. पॅकिंगच्या बहुतेक यंत्रांसाठी निर्माता स्वतःच सीई जाहीरनामा (यंत्र संघाच्या नियमांना धरून आहे अशी घोषणा) देतो, बाहेरच्या प्रयोगशाळेचा शिक्का सक्तीचा नसतो. परंतु संघाच्या भूमीवर कोणीतरी जबाबदार असावे लागते. आज ते काम आपला डच वितरक आयातदार म्हणून करत असणार. स्वतःची कंपनी काढली की ती आयातदार होईल आणि यंत्राने कोणाचे बोट चिरडले तर पहिली नोटीस तिलाच येईल. पूर्वी वितरकाचे कमिशन मलाही खुपत असे. आता त्यात या जबाबदारीचे मोलही धरलेले असते, हे समजले आहे.

एक चांगली बाजूही सांगतो. न्हावाशेव्याहून निघालेले यंत्र रॉटरडॅमला एकदा शुल्क भरून सुटले की ते मुक्त संचारातला माल होते. पुढे जर्मनीच्या हद्दीवर त्याला कोणी थांबवत नाही. पुस्तिका मात्र जर्मनीसाठी जर्मनमध्ये आणि बेल्जियमसाठी जागा पाहून डच किंवा फ्रेंचमध्ये द्यावी लागते. यंत्राचा जो भाग मसाल्याला लागतो, त्याच्या धातूबद्दल आणि प्लास्टिकबद्दलही वेगळा विनियम आहे. आमचे एक यंत्र हॉपरच्या (माल ओतायच्या नरसाळ्याच्या) गॅस्केटचे कागद नव्हते म्हणून पाच आठवडे पडून राहिले होते.

वागळे_इस्टेट_१९८१

मी वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षे लेथवर काम केले आणि त्यातली बरीच वर्षे युनियनचे कामही केले, म्हणून या चर्चेत दुसरी बाजू मांडतो. वरच्या उत्तरांत सरकारला जाब विचारला जातो हे वाचून बरे वाटले. तथापि तोच कायदा कामगार संघटनेलाही जाब विचारतो, हे कोणी लिहिले नाही.

नेरूळ-बेलापूरकडे मर्चंट नेव्हीतली मुले पुष्कळ आहेत. त्यांना सोयीच्या झेंड्याखालचे जहाज म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. वायकिंग लाइन या फिनलंडच्या कंपनीची रोसेला नावाची फेरी हेलसिंकी ते टालिन धावत असे आणि तोट्यात होती. कंपनीने तिच्यावर एस्टोनियाचा झेंडा लावायचे ठरवले, म्हणजे एस्टोनियाच्या पगारात खलाशी मिळतील. फिनलंडच्या खलाशी संघटनेने संपाचा इशारा दिला आणि आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने इतर संघटनांना वायकिंगशी बोलणी करू नका असे कळवले. डिसेंबर २००७ मध्ये लक्झेंबर्गने सांगितले की संप हा मूलभूत हक्क खरा, परंतु त्याने कंपनीच्या प्रस्थापना-स्वातंत्र्याला बाधा येते, तेव्हा तो कामगारांच्या नोकऱ्या खरोखर धोक्यात असल्यामुळे आणि दुसरा सौम्य मार्ग उरला नसल्यामुळेच केला आहे, हे दाखवावे लागेल. आठवड्यानंतर लावाल प्रकरणाचा निकाल आला. लाटव्हियाची ही कंपनी स्वीडनमध्ये व्हॅक्सहोम येथे शाळेचे बांधकाम करत होती आणि स्वीडिश संघटनांशी वेतनकरार करायला तयार नव्हती. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही, सगळे सामूहिक कराराने ठरते. म्हणून बांधकाम कामगारांनी जागेची नाकेबंदी केली आणि इलेक्ट्रिशियन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. न्यायालयाने ती नाकेबंदी सेवा-स्वातंत्र्याविरुद्ध, म्हणजे दुसऱ्या सदस्य देशात जाऊन सेवा देण्याच्या मोकळिकीविरुद्ध, ठरवली आणि पुढे स्वीडिश श्रम न्यायालयाने संघटनांना नुकसानभरपाई द्यायला लावली.

सरकारने नियम केला तर त्याचे कारण सरकारने सांगावे, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या हातात संपाशिवाय दुसरे काही नाही त्यालाही त्याच तराजूत घालणे हे माझ्या बुद्धीला पटलेले नाही. रबाळेकर साहेब, आपण लहान कारखानदार आहात, आपल्यावर माझा रोख नाही. परंतु आपले फिटर तेथे जाणार असतील तर त्यांना कोणता पगार लागू होतो, हे सल्लागाराला विचारले होते का? पाठवलेल्या कामगारांविषयीचा १९९६ चा निदेश २०१८ मध्ये दुरुस्त झाला आणि ३० जुलै २०२० पासून असे आहे की केवळ किमान वेतन देऊन भागत नाही. यजमान देशात कायद्याने किंवा सर्वांना लागू असलेल्या करारांनी जे वेतन ठरते, त्यातले भत्तेसुद्धा, द्यावे लागते. लावालनंतर दहा वर्षे भांडून मिळालेली ही दुरुस्ती आहे.

रबाळेकर

सर्वांचे मनापासून आभार. वागळेकर काका, पगाराचा प्रश्न मी विचारला नव्हता आणि सल्लागारांनीही काढला नव्हता. त्यांच्या कोटेशनमध्ये तशी ओळच नाही.

वकीलसाहेब, आपण फिटरांचा मुद्दा जाणूनबुजून राखून ठेवलात असे दिसते. माझे चार फिटर आहेत. त्यांतले दोन कळव्याचे आणि दोन दिघ्याचे. त्यांना आयरिश कंपनीच्या नोकरीत घेतले तर तेथून जर्मनीला पाठवता येईल का? आणि आयरिश कंपनी न काढता, आमच्या रबाळ्याच्या कंपनीने इंटरनेटवरून जर्मन ग्राहकाला सेवा दिली, यंत्राचे निदान दुरून केले, तर त्यालाही हे सेवा-स्वातंत्र्य लागू होईल का?

कोर्टनाका_ठाणे

आधी दुसरा प्रश्न, कारण त्याचे उत्तर सरळ आहे: नाही. फिडियम फिनान्झ ही स्वित्झर्लंडमधली कंपनी इंटरनेटवरून जर्मन लोकांना लहान कर्जे देत होती आणि जर्मनीने बँकिंगचा परवाना मागितला. कंपनी संघाबाहेरची असल्यामुळे सेवा-स्वातंत्र्याचा आधार तिला नव्हता, म्हणून तिने भांडवलाच्या मुक्त संचाराचा आधार घेतला. माल, माणसे, सेवा आणि भांडवल यांच्या मुक्त संचाराच्या चार स्वातंत्र्यांपैकी तेवढे एकच बाहेरच्या देशांशीही लागू होते. २००६ मध्ये न्यायालय म्हणाले की येथे मुख्य गोष्ट सेवा आहे, भांडवल आनुषंगिक आहे, तेव्हा मागच्या दाराने येता येणार नाही. स्वित्झर्लंड आणि रबाळे यांत या बाबतीत काहीही फरक नाही. दुरून निदान करायला जर्मनी आज मनाई करत नसेल, परंतु उद्या केली तर आपल्याला लक्झेंबर्गचे दार वाजवता येणार नाही. ब्रिटनच्या बाबतीत हेच घडले. तो संघातून बाहेर पडल्यानंतर ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि ज्या ब्रिटिश लिमिटेड कंपन्यांचा सगळा कारभार जर्मनीतून चालत होता, त्यांचे सेंट्रोसचे संरक्षण गेले. कंपनी तीच, भागधारक तेच, फक्त तिचा देश बाहेर पडला.

आता फिटर. येथे १९९४ चा व्हान्डर एल्स्ट निर्णय आपल्या कामाचा आहे. एका बेल्जियन कंपनीने पाडकामासाठी फ्रान्समध्ये रीम्स येथे आपले कामगार नेले, त्यांत मोरोक्कन नागरिकही होते. बेल्जियममध्ये त्यांची नोकरी आणि परवाने रीतसर होते, तरी फ्रान्सने स्वतंत्र वर्क परमिट नसल्याबद्दल दंड केला. न्यायालयाने सांगितले की कामगार आपल्या देशात कायदेशीर नोकरीत असतील आणि काम संपल्यावर परत जाणार असतील, तर त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा वर्क परमिट मागणे हा सेवा-स्वातंत्र्यावरचा अडथळा आहे. हा हक्क कंपनीचा आहे, कामगाराचा नाही; त्याला तो कंपनीच्या सावलीने मिळतो. जर्मन दूतावास आजही याच नावाने व्हिसा देतात. म्हणजे व्हिसा चुकत नाही, वर्क परमिटची अट तेवढी सुटते.

पण यासाठी फिटर आधी त्या सदस्य देशात रीतसर नोकरीला लागलेला हवा, आणि त्याला तेथे घ्यायचे की नाही हे तो देश आपल्या कायद्याने ठरवतो. आयर्लंडची निवड मला सर्वांत कच्ची वाटते ती येथेच. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात (आपापसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात) नाही, त्यामुळे डब्लिनमध्ये राहणाऱ्या आपल्या कळव्याच्या फिटरला जर्मनीत पाऊल ठेवण्यासाठी पुन्हा व्हिसा लागेल, आणि ज्या दुखण्यासाठी औषध घेतले तेच दुखणे उरेल. एकाच गटातल्या कंपन्यांमध्ये तज्ज्ञ माणसे बाहेरच्या देशातून बदलीवर आणण्यासाठी २०१४ चा निदेश ६६ आहे. त्यातही आयर्लंड आणि डेन्मार्क सहभागी नाहीत. नेदरलँड्स आहे. परंतु त्या निदेशातली फिरती सवलत दुसऱ्या देशातल्या गटाच्याच शाखेत काम करण्यासाठी आहे, ग्राहकाच्या कारखान्यात यंत्र बसवण्यासाठी नाही, हे विसरू नये.

पत्त्यापुरती कंपनी काढण्याविषयीही सावध करतो. सेंट्रोसने नोंदणीचा प्रश्न सोडवला, कराचा नाही. डब्लिनमधल्या उपकंपन्यांविषयीच्या २००६ च्या कॅडबरी श्वेप्स निर्णयात न्यायालयाने कमी कराच्या देशात जाणे वैध मानले, पण केवळ कागदावरची, पूर्णपणे कृत्रिम रचना असेल तर मूळ देश तिच्याकडे दुर्लक्ष करून कर लावू शकतो असेही म्हटले. जागा, माणसे आणि उपकरणे प्रत्यक्ष असावी लागतात. भारताच्या बाजूने २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार बँकेमार्फत कळवणे वेगळेच.

वागळेकर काकांच्या आक्षेपावर माझ्याकडे पुरते उत्तर नाही. संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेत अनुच्छेद १६ मध्ये व्यवसायाचे स्वातंत्र्य आहे आणि अनुच्छेद २८ मध्ये सामूहिक कृतीचा हक्कही आहे. त्यांतले वजन कोणी आणि कसे तोलायचे यावर तिकडचे विधिज्ञ अजूनही भांडतात.

ऐरोली_पुलापलीकडे

मी वाहतुकीच्या धंद्यात होतो. हे सगळे वाचून आपल्याच घरातली गोष्ट आठवली. ऐरोलीचा पूल ओलांडून भांडुपला माल टाकायचा तर मुंबई महापालिकेच्या नाक्यावर जकातीचे कागद घेऊन रांगेत उभे राहावे लागे. मुलुंडला तर रात्र रात्र ट्रक उभे असत. एका राज्यातली, एका भाषेतली, शेजारची दोन शहरे! आणि संविधानाच्या अनुच्छेद ३०१ मध्ये तेव्हाही लिहिलेले होतेच की भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र व्यापार, वाणिज्य आणि व्यवहारसंबंध मुक्त असतील. रॉटरडॅमहून जर्मनीत यंत्र न थांबता जाते, आणि आम्ही मात्र १ जुलै २०१७ रोजी जीएसटी येईपर्यंत त्या नाक्यावर थांबत होतो. मग त्यांचा कायदा आपल्यापेक्षा जोरकस म्हणायचा का? तो तर वेगवेगळ्या देशांचा, आपण तर एक देश.

कोर्टनाका_ठाणे

जोरकस म्हणण्यापेक्षा, त्यांनी प्रश्न वेगळा विचारला असे मी म्हणेन. आपल्याकडे अनुच्छेद ३०१ नंतर लगेच ३०२ ते ३०४ मध्ये अपवाद आहेत आणि १९६१ च्या अतियाबारी चहा प्रकरणापासून न्यायालयात वाद झाला तो मुख्यतः असा की कर हा व्यापारातला अडथळा मानायचा का. रस्ते-सोयींच्या बदल्यातला भरपाईदार कर चालतो, हे सूत्र १९६२ मध्ये आले आणि २०१६ मध्ये जिंदाल स्टेनलेस प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते टाकून दिले. कर भेदभाव करत नसेल तर तो अनुच्छेद ३०१ चा भंग नाही, असे बहुमताने ठरले. जकात नाका न्यायालयाने उठवला नाही, १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर कायदेमंडळांनी उठवला. तिकडे शुल्कावरची बंदी कराराच्या पहिल्या मसुद्यातच होती आणि एका आयातदाराला ती वाजवून घेता आली. मात्र तिकडे अजूनही प्रत्यक्ष कराचे दर प्रत्येक देशाचे वेगळे आहेत आणि कराच्या बाबतीत संघाला बहुतेक वेळा सर्व देशांचे एकमत लागते. आपल्या जीएसटी परिषदेत तीन-चतुर्थांश मतांवर निर्णय होऊ शकतो. त्या अंगाने आपणच अधिक एक आहोत.

एक लहान दुरुस्ती: नवी मुंबई महापालिकेची स्वतःची जकात नव्हती, उपकर होता. तुम्ही थांबत होता ते मुंबईच्या जकातीसाठी.

रबाळेकर

सल्लागारांना आज फोन करून शेंगेनचे विचारले. ते म्हणाले की पाहून सांगतो.

आम्ही घरात बसून असे ठरवत आहोत की आयर्लंड सोडून द्यायचे, वितरक आहे त्या नेदरलँड्समध्येच लहानशी कंपनी काढायची आणि तिच्यात आमचा एकच ज्येष्ठ फिटर बदलीवर नेऊन बाकी दोन माणसे तिकडचीच नेमायची. त्या दोघांना जर्मनीत जायला कोणाची परवानगी लागणार नाही. पगार जर्मनीच्या करारानुसार धरून हिशेब केला तर वितरकाच्या कमिशनपेक्षा वर्षाला थोडेच कमी पडते, तेही वर्षाला सहा यंत्रे बसवली तर. वागळेकर काका, भत्त्यांसकट धरले आहे. महापेकर साहेब, गॅस्केटच्या कागदांसाठी आपण कोणत्या स्वरूपात घोषणा दिली होती, त्याचा नमुना मिळाला तर बरे होईल. आमचे हॉपर पुढच्या महिन्यात निघायचे आहे.

महापे_निर्यात

नमुना खासगी संदेशात पाठवला आहे. गॅस्केटच्या पुरवठादाराकडून बॅच क्रमांकासह घ्यावा. आमचे अडले होते ते बॅच क्रमांकावरच.